घड्याळाची चावी कोणाच्या हाती?

यंत्र माणसाचा धनी होईल काय, हा प्रश्न अलीकडे सर्वतोमुखी झाला आहे. संगणक लेख लिहू लागला, चित्रे काढू लागला, रोग ओळखू लागला. कर्ज कोणाला द्यावे आणि नोकरीवर कोणाला ठेवावे याचाही सल्ला देऊ लागला. उद्या तो आपल्याला विचारीनासा होईल, ही धास्ती सुशिक्षितांच्या बैठकीत ऐकू येते, तशी गावच्या ओट्यावरही ऐकू येते. ही भीती आम्ही हसण्यावारी नेऊ इच्छीत नाही. मात्र ती नवी नाही, एवढे सांगणे अगत्याचे आहे. ज्याच्या आज्ञेत जगाचा मोठा भाग कित्येक शतके उठतो, बसतो, जेवतो आणि झोपतो, असे एक यंत्र आपल्या घरोघरी आहे, आणि त्याचे भय आता कोणालाच वाटत नाही. ते यंत्र म्हणजे घड्याळ. त्याचा इतिहास चाळून पाहिला तर आजच्या भीतीत खरे किती आणि भ्यायचेच झाले तर नेमके कशाला भ्यावे, याचा काही उलगडा होतो, असे आम्हांस वाटते.

घटिका आणि घंटा

काळ मोजण्याची खटपट मनुष्य फार पूर्वीपासून करीत आला आहे. आपल्याकडे घटिकापात्र होते. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडीत. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे आजची २४ मिनिटे, संपे. 'घड्याळ' हा शब्दही त्या घटिकेच्याच गोतातला. युरोपात छायायंत्रे होती, पाण्याची घड्याळे होती. परंतु सामान्य माणसाच्या जीवनावर या साधनांचा फारसा अंमल नव्हता. शेतकरी सूर्याकडे पाहून औत सोडी, कोळी भरती-ओहोटी पाहून होडी लोटी. एखादा मुहूर्त साधायचा असेल तेव्हाच कोणी घटिकापात्रापाशी बसे.

मठांतील जीवन मात्र निराळे होते. संत बेनेडिक्ट यांनी इटलीतील माँते कासिनो येथे इ. स. ५३० च्या सुमारास आपल्या मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. दिवसाचे व रात्रीचे ठरावीक प्रहर प्रार्थनेला देऊन उरलेला वेळ श्रम, वाचन आणि विश्रांती यांत वाटून देणारी ही नियमावली पुढे पश्चिम युरोपभर पसरली. प्रार्थनेचा इशारा कानी पडताच हातातील काम आहे तेथे टाकून निघावे, असा तिचा दंडक आहे.

या नियमावलीतील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, तिच्यातील तास लवचीक होते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा भाग म्हणजे दिवसाचे बारा तास. साहजिकच उन्हाळ्यात तास लांबे आणि हिवाळ्यात आखडे. काळ निसर्गाच्या कलाने चाले. दुसरी गोष्ट तिच्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणात आहे. प्रार्थनेची वेळ झाल्याचे कळविण्याची जबाबदारी तेथे स्वतः मठाधिपतीवर टाकलेली आहे. त्याने ती आपण पार पाडावी, नाहीतर एखाद्या दक्ष बंधूवर सोपवावी. उठण्यास उशीर झालाच, तर ज्याच्या हयगयीने तो झाला त्याने त्याचे परिमार्जन करावे, असेही अन्यत्र सांगितले आहे. वेळ सांगणारा कोण हे सर्वांना ठाऊक होते आणि चूक झाली तर उत्तर कोणी द्यायचे हेही ठरलेले होते. पुढील इतिहास वाचताना या दुसऱ्या गोष्टीची आठवण पदोपदी होते.

दात्यांचे चाक

रात्री जागे राहून वेळ सांगणे हे कष्टाचे काम. थंडीत पाणी गोठले की पाण्याचे घड्याळही थांबे. आपोआप फिरणारे आणि दिवसाकाठी नेमकी एक फेरी पुरी करणारे चाक बनविण्याची धडपड कारागीर करीत आहेत, पण ते त्यांना अद्याप साधलेले नाही, असे रॉबर्टस अँग्लिकस या विद्वानाने १२७१ साली लिहून ठेवले आहे. त्यानंतर बारा वर्षांनी, १२८३ साली, इंग्लंडमधील डन्स्टेबल येथील मठात नवे घड्याळ बसविल्याची नोंद सापडते. हे बहुधा वजनावर चालणारे यांत्रिक घड्याळ असावे, असे इतिहासकार मानतात.

या यंत्रातील युक्ती साधी पण विलक्षण आहे. दोरीला टांगलेले वजन खाली येऊ पाहते आणि त्यामुळे चाक फिरू लागते. ते मोकळे सोडले तर भरकन फिरून संपेल. म्हणून एक आडवी दांडी मागेपुढे झुलत त्या चाकाचा एकेक दाता अडविते आणि सोडते, अडविते आणि सोडते. त्या अडण्यासुटण्याचा आवाज म्हणजेच टिकटिक. अखंड वाहणाऱ्या काळाचे सारख्या तुकड्यांत मोजमाप होऊ लागले ते येथून. आरंभीच्या कित्येक घड्याळांना तबकडी नव्हतीच. इंग्लंडमधील सॉल्झबरी कॅथिड्रलच्या १३८६ च्या मानल्या जाणाऱ्या घड्याळाला आजही ती नाही. ते केवळ ठोके देते. इंग्रजीतील 'क्लॉक' हा शब्दही मूळचा घंटेच्या लॅटिन नावावरून आलेला आहे.

यंत्राचा माणसाला केवढा ध्यास लागू शकतो याचे उदाहरण त्याच काळात घडले. लोहाराचा मुलगा असलेले वॉलिंगफर्डचे रिचर्ड १३२७ साली सेंट ऑल्बन्स मठाचे मठाधिपती झाले. कुष्ठरोगाने शरीर झिजत असताना त्यांनी ग्रहताऱ्यांच्या गती दाखविणारे एक प्रचंड घड्याळ उभारण्यास घेतले. राजा तिसरा एडवर्ड मठात आला असता, चर्चची इमारत पडझडीला आलेली असताना एवढा खर्च घड्याळावर का, असे त्याने त्यांना टोकले. इमारत बांधणारे माझ्यामागून पुष्कळ मिळतील, हे घड्याळ पुरे करणारा मात्र मिळणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ते १३३६ साली निवर्तले. घड्याळ पुरे झाले ते त्यांच्या पश्चात.

मठातून बाजारात

मठाच्या भिंतीआड जन्मलेले हे यंत्र तेथे फार काळ राहिले नाही. चौदाव्या शतकात उत्तर फ्रान्स आणि फ्लँडर्स येथे कापडाचा धंदा भरभराटीला आला होता. सूर्याच्या मापाने काम करणारे विणकर धनिकांना परवडेनासे झाले. १३३५ साली राजा सहावा फिलिप याने आमियाँ शहराच्या कारभाऱ्यांना कामाची घंटा वाजविण्याची परवानगी दिली. कामगारांनी सकाळी कामावर केव्हा जावे, जेवायला केव्हा सुटावे, पुन्हा केव्हा रुजू व्हावे आणि संध्याकाळी केव्हा थांबावे, हे ती घंटा सांगू लागली. कोमीन येथील १३६१ च्या नियमांत घंटेनंतर येणाऱ्या विणकराला दंड होता. आणि तीच घंटा बंडाचा इशारा म्हणून वाजविणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती.

हे कलम आम्हांस फार बोलके वाटते. विणकरांचा राग घंटेवर होता, हे खरे. पण घंटा फोडण्यापेक्षा ती हाती घेण्याचे त्यांच्या मनात येईल, अशी धास्ती धनिकांना होती. घंटा धातूचीच होती. फरक होता तो तिची दोरी ओढणाऱ्या हातात.

यांत्रिक घड्याळाबरोबर लवचीक तासही गेला. उन्हाळा असो वा हिवाळा, तास सारखाच. सूर्याने मोजलेल्या वेळेत घासाघीस चाले. चाकाने मोजलेल्या वेळेत ती चालेना. अमेरिकन विचारवंत लुईस ममफर्ड यांनी १९३४ साली असे प्रतिपादन केले की, आधुनिक औद्योगिक युगाचे आद्य यंत्र वाफेचे इंजिन नसून घड्याळ आहे. इतिहासाचा हा क्रम पाहता ते पटते.

बादशहाचे घड्याळ

यंत्रावरील परावलंबनाचा एक वेगळाच प्रसंग चीनच्या दरबारात घडला, आणि त्याचा एक धागा आपल्या किनाऱ्याशी जुळतो. येशूसंघीय धर्मगुरू मात्तेओ रिच्ची १५७८ साली गोव्यास आले. गोवा आणि कोची येथे काही वर्षे काढून ते १५८२ साली मकावला गेले. १६०१ साली ते बीजिंगला पोहोचले, तेव्हा त्यांनी बादशहा वानली यास दिलेल्या भेटींत दोन घड्याळे होती. आपोआप वाजणारी ही घंटा पाहून बादशहा हरखून गेला. दरबारातील काही सेवकांना ती चालविण्याचे शिक्षण रिच्चींनी घाईघाईने दिले, तरी देखभालीसाठी येशूसंघीयांनाच राजवाड्यात ये-जा करण्याची मुभा मिळाली. परकीयांना जेथे थारा नव्हता त्या राजधानीत रिच्ची १६१० साली मृत्यू येईपर्यंत राहिले. त्यांच्या विद्वत्तेचा आणि स्वभावाचा त्यात मोठा वाटा होता. पण घड्याळ बिघडले तर काय, ही दरबाराची विवंचनाही त्याच्या मुळाशी होती.

अफाट साम्राज्याचा स्वामी एका पेटीतील चाकांसाठी परक्या माणसांवर विसंबला. पण त्याला परतंत्र केले ते चाकांनी नव्हे. यंत्र कसे चालते हे ज्याला ठाऊक नाही, तो ज्याला ठाऊक आहे त्याच्या आधीन होतो. बादशहाच्या सुदैवाने ज्यांच्यावर तो विसंबला ती माणसे सज्जन होती. सर्वांच्या वाट्याला असे सुदैव येतेच असे नाही.

कुलूपबंद वेळ

१६५६ साली डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. दिवसाला सुमारे पाव तास मागेपुढे होणारे यंत्र काही सेकंदांच्या आत आले. मिनिटाला किंमत आली. आणि ज्याला किंमत आली त्याची चोरीही सुरू झाली.

इंग्लंडमधील अँब्रोज क्रौली यांच्या लोखंडाच्या कारखान्याचे अठराव्या शतकाच्या आरंभीचे नियम उपलब्ध आहेत. कामाचा हिशेब कारखान्याच्या रखवालदाराकडील घड्याळावरूनच व्हावा, दुसरे कोणतेही घड्याळ किंवा घंटा ग्राह्य धरू नये, आणि त्या घड्याळाला नेमलेल्या माणसाखेरीज कोणी हात लावू नये, असे त्यांत म्हटले आहे. पुढे कापडगिरण्यांचा काळ आला. स्कॉटलंडमधील डंडी येथील एका गिरणीकामगाराच्या आठवणी एकोणिसाव्या शतकात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. मालक सकाळी घड्याळ पुढे सारीत आणि संध्याकाळी मागे ओढीत. हे सर्वांना कळे, पण खिशात घड्याळ बाळगण्याचे धाडस कामगार करीत नसत, कारण ज्याला वेळ बरोबर कळते त्याला कामावरून काढून टाकण्याची रीत होती, असे त्यांत सांगितले आहे.

येथे यंत्राने माणसावर राज्य केले असे म्हणावे काय? घड्याळ तर बिचारे खोटे बोलण्यास भाग पाडले गेले होते. राज्य मालकाचे होते, पण ते घड्याळाच्या नावाने चाले. मालकाशी भांडता येते. घड्याळाशी कोण भांडणार?

नेमक्या याच शतकात यंत्रे माणसावर मात करतील ही भीती प्रथम स्पष्ट शब्दांत मांडली गेली. सॅम्युअल बटलर हा तरुण इंग्रज न्यूझीलंडमध्ये मेंढ्या पाळीत होता. डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ त्याने वाचला होता. १३ जून १८६३ रोजी क्राइस्टचर्चच्या 'द प्रेस' या वृत्तपत्रात त्याने टोपणनावाने पत्र लिहिले. यंत्रेही प्राण्यांसारखी उत्क्रांत होत आहेत, त्यांची निगा राखण्यात अधिकाधिक माणसे जुंपली जात आहेत, आणि एके दिवशी ती आपले धनी होतील, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे १८७२ साली त्याने 'एरेव्हॉन' ही कादंबरी लिहिली. तिच्यातील काल्पनिक देशाने याच भीतीपोटी मागील २७१ वर्षांत लागलेले सारे यंत्रशोध नष्ट केलेले आहेत. त्या देशात शिरलेला प्रवासी तुरुंगात पडतो, आणि त्याच्यापाशी सापडलेली आक्षेपार्ह वस्तू कोणती? खिशातले घड्याळ!

मुंबईची ३९ मिनिटे

आता आपल्या मुंबईकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. रेल्वे येईपर्यंत प्रत्येक शहराची वेळ त्याच्या माथ्यावरील सूर्याची होती. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे. सर्व स्थानकांवर एकच वेळ असल्याशिवाय वेळापत्रक जमेना, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी तीच वेळ मुंबईच्या सरकारी कारभाराला लागू केली. लोकांनी ती मानली नाही. कचेरीत एक वेळ आणि बाजारात दुसरी, असा घोळ सुरू झाला. राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, यावरही वाद माजला. अखेर १८८३ साली तो हुकूम मागे घ्यावा लागला.

याच सुमारास गिरणगावात वेळेचा एक निराळा लढा उभा राहत होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांच्या सभा भरवून मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, अशा त्यांतील काही मागण्या होत्या. सकाळी घड्याळ आणि संध्याकाळी सूर्य! दोन युगांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांची ही मागणी आहे. १० जून १८९० रोजी रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य झाली. मात्र पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची ती नैसर्गिक सीमाही पुसली गेली.

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईचे घड्याळ एका रात्रीत ३९ मिनिटे पुढे गेले. गिरणीचा दरवाजा उघडण्याची वेळ तबकडीवर तीच राहिली, पण खऱ्या उजेडाच्या हिशेबाने कामगाराला पाऊण तासभर आधी, काळोखात, घराबाहेर पडणे भाग होते. त्याच महिन्यात काही हजार गिरणीकामगार कामास नकार देऊन बाहेर पडले; गिरण्यांवर दगडफेक झाली. शहरात सभा भरल्या, १५,००० हून अधिक नागरिकांनी अर्जांवर सह्या केल्या. बंगालच्या फाळणीला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. आम्हांस न विचारता आमची वेळही बदलता काय, हा लोकांचा सवाल होता. महापालिकेने मुंबईची वेळ पुढे कित्येक वर्षे चालविली. ती पूर्णपणे लोपली ती स्वातंत्र्यानंतरच.

त्या दगडफेकीला कोणी अडाणीपणा म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. त्या कामगारांचे काटे आणि चाके यांच्याशी वैर नव्हते. आपल्या झोपेची ३९ मिनिटे कोणी, कोणाच्या संमतीने उचलली, एवढेच त्यांना विचारायचे होते. पुढे त्याच घड्याळाचा उपयोग कामगारांनी स्वतःसाठी करून घेतला. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा पडली. १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांची. तास मोजता आले नसते तर ते मर्यादितही करता आले नसते. ज्या यंत्राने बांधले त्याच यंत्राने सोडविण्यास साहाय्य केले, कारण ते तपासण्याचा हक्क आता दोन्ही पक्षांना होता.

आजचे घड्याळ

गिरण्यांचे भोंगे केव्हाच मुके झाले. परंतु मिनिटांचा अंमल संपला नाही. घरपोच सामान आणणारा तरुण दुचाकीवर असताना त्याच्या मोबाइलवर उरलेली मिनिटे दिसत असतात. ती मिनिटे कोणत्या हिशेबाने ठरली, पाऊस आणि वाहतूक त्यात धरली काय, हे त्याला विचारता येत नाही. कारण विचारायचे कोणाला? समोर मुकादम नाही, व्यवस्थापक नाही. डंडीच्या गिरणीतील घड्याळ निदान भिंतीवर दिसत तरी होते.

यंत्राची साक्ष अटळ मानली की काय घडते, याचा भयंकर दाखला ब्रिटनमध्ये घडला. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून 'होरायझन' ही संगणकप्रणाली वापरात आणली. तिच्यातील दोषांमुळे लहान टपाल कार्यालये चालविणाऱ्यांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. माणसे शपथेवर सांगत होती की आम्ही पैसे घेतले नाहीत. संगणक सांगत होता की पैसे कमी आहेत. न्यायालयांनी संगणकावर विश्वास ठेवला. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांची घरे बुडाली. २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ साली संसदेने कायदा करून त्यांतील शेकडो शिक्षा रद्द केल्या. मधल्या वीस वर्षांत त्या यंत्राने कोणतेही बंड केले नव्हते. ते केवळ चुकत होते. आणि ते चुकू शकते हे मान्य करण्याची जबाबदारी कोणी घेत नव्हते.

म्हणून आम्हांस असे वाटते की, यंत्र एके दिवशी जागे होऊन सत्ता बळकावील, या कल्पनेत गुंतून पडल्याने समोर चाललेल्या गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. सातशे वर्षांच्या या इतिहासात घड्याळाने स्वतःहून कोणावरही राज्य केले नाही. आमियाँचे कारभारी, डंडीचे मालक, मुंबईचे सरकार अशी माणसेच त्याच्या आडून बोलली, आणि यंत्र बोलते आहे असे ऐकणाऱ्यांना वाटले. उद्याचे यंत्र घड्याळाहून फार वेगळे असेल, स्वतः निर्णयही घेईल. परंतु त्याच्या हाती निर्णय सोपविणारा कोणीतरी असेलच, आणि तोच आपले नाव लपवू पाहील.

नव्या यंत्राचे स्वागत करताना म्हणून तीन प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. याची वेळ कोण लावतो? ती बरोबर आहे की नाही, हे आम्हांला तपासता येईल काय? आणि ते चुकले तर उत्तर कोण देईल? बँकेच्या खिडकीपाशी, रुग्णालयात, शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत, जेथे जेथे 'संगणकाने असे ठरविले आहे' हे वाक्य आपल्याला ऐकविले जाते, तेथे तेथे हे प्रश्न शांतपणे पण ठामपणे विचारले गेले पाहिजेत. आपल्यापैकी जे अशा खिडकीच्या आतल्या बाजूला बसतात, त्यांनी तर ते स्वतःला आधी विचारावेत.

सहाव्या शतकातील त्या नियमावलीने वेळ सांगण्याचे काम एका माणसावर, त्याच्या नावानिशी, सोपविले होते आणि हयगय झाली तर सर्वांसमोर ती कबूल करण्यास त्याला सांगितले होते. तेव्हा दात्यांचे चाक नव्हते, विद्युत नव्हती, संगणक नव्हता. तरीही यंत्राविषयीचा सर्वांत आवश्यक नियम तेथे लिहिलेला आहे. तो आजच्या यंत्रांना लावणे अवघड असेल, पण अशक्य नाही. आणि तो लावण्याचे काम यंत्र आपल्यासाठी करणार नाही.